शाळेतील फ्लू आणि शंभर टक्के उपस्थितीचे पारितोषिक
(सुवर्ण महोत्सवानिमित्त झालेले भाषण)



शालेय आरोग्यावर बोलावे, अशी आपली आज्ञा झाली. विषय मोठा आहे. बालरोगतज्ज्ञ या नात्याने मी त्यातील फ्लू एवढाच भाग घेतो आणि त्या ओघात आपल्याकडे एक मागणे मागतो.

२००९ सालचा पुण्यातील ऑगस्ट महिना अनेकांना स्मरत असेल. ३ ऑगस्ट रोजी तेथील चौदा वर्षांच्या एका विद्यार्थिनीचे स्वाइन फ्लूने निधन झाले. त्या साथीतील भारतातील तो पहिला मृत्यू. नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी रांगा लागल्या, माणसे तोंडाला रुमाल बांधून फिरू लागली आणि शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. १० ऑगस्ट २०१० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ती महासाथ संपल्याचे जाहीर केले. तो विषाणू मात्र गेला नाही. हंगामी फ्लू म्हणून तो आपल्यातच राहिला. आपल्याकडे पावसाळ्यात आणि पुन्हा हिवाळ्याच्या अखेरीस फ्लूचा जोर वाढतो. नेमका चाचण्या-परीक्षांचा काळ!

खोकताना, शिंकताना उडणाऱ्या तुषारांतून हा रोग पसरतो. एका बाकावर खेटून बसलेली मुले, पावसामुळे लावून घेतलेल्या खिडक्या, तिघांत फिरणारी पाण्याची एक बाटली. विषाणूला आणखी काय हवे? लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस रुग्ण इतरांना लागण देऊ शकतो, लहान मुले त्याहूनही अधिक काळ. त्यामुळे शाळेतील प्रत्येक लागण टळेल, असे वचन कोणी देऊ नये. परंतु ताप असलेले मूल वर्गात न पाठवणे तरी आपल्या हाती आहे.

प्रत्यक्षात काय घडते? सकाळी अंग गरम लागते. आई पॅरासिटामॉल पाजते आणि सात वाजता मूल रिक्षात बसते. औषधाचा अंमल उतरला की अकराच्या सुमारास ताप पुन्हा चढतो. तोवर ते प्रार्थनेला उभे राहिलेले असते, मित्रांसोबत डबा खाल्लेला असतो. एका मातेला मी कारण विचारले. ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, वर्षभर एकही खाडा नाही. बक्षीस हुकेल त्याचे." मी हसून सोडून दिले, हा माझा दोष. त्याच आठवड्यात त्या मुलाच्या बाकावरचा मित्र तापाने आला आणि मागोमाग त्या मित्राची दम्याची आजी. तिला रुग्णालयात दाखल करावे लागले. लागण नेमकी कोणाकडून झाली, हे सिद्ध करता येत नाही. पण ते हसणे मला आजही बोचते.

औषध न देता चोवीस तास ताप नसेल, तरच मुलाला शाळेत पाठवावे. शाळेत ताप आल्यास मास्क लावून वेगळ्या, हवेशीर खोलीत बसवावे आणि पालकांना बोलवावे. त्या मुलाला अपराध्यासारखे वागवू नये. धाप लागणे, ओठ निळसर होणे, पाणी न पिणे, सुस्ती येणे किंवा उतरलेला ताप पुन्हा जोराने चढणे, यांपैकी काही दिसले तर क्षणभरही थांबू नये. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. फ्लूच्या विषाणूवर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. कृपया डॉक्टरांकडे त्यासाठी हट्ट धरू नये. विषाणू रूप बदलत असल्याने लस दरवर्षी घ्यावी लागते आणि संरक्षण मिळण्यास सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून ती पावसाळ्यापूर्वी घेतलेली बरी. नऊ वर्षांखालील मुलाला पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात.

आता माझे मागणे. शंभर टक्के उपस्थितीचे पारितोषिक याच व्यासपीठावरून दिले जाते. दात्यांनी ते आपल्या वडीलधाऱ्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ठेवले आहे, त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. परंतु आजारी मूल शाळेत आणण्याचे कारण तेच ठरत आहे. ते थांबवावे. तोच निधी, त्याच पुण्यस्मरणाच्या नावाने, प्रत्येक मजल्यावर हात धुण्याचे नळ आणि बारमाही साबण यांसाठी वापरता येईल. यंदाची पारितोषिकांची यादी अद्याप छापावयाची आहे, असे कार्यवाहांकडून कळले. विश्वस्तांनी ती छापखान्यात देण्यापूर्वी त्यातील या एका ओळीचा फेरविचार करावा, ही नम्र विनंती.