पाठीवर पाण्याचे कॅन

भाकरी थापता थापता ऐकत असाल तर ऐका, पण तव्याकडे लक्ष असू द्या.

आमच्या बचत गटातल्या एका ताईंची मुलगी दोन वर्षांपूर्वी मला म्हणाली, "मावशी, मला बर्फाच्या डोंगरावर चढायचंय." बारावी झालेली, कळसूबाईच्या पायथ्याला वाढलेली. मनात म्हटलं, हिला कसला सराव शिकवायचा? लहानपणापासून मोळ्या वाहतेय. इथंच माझं चुकलं.

उत्तरकाशीला नेहरू पर्वतारोहण संस्था आहे. तिथला पहिला अभ्यासक्रम साधारण चार आठवड्यांचा असतो आणि त्याला डॉक्टरांचा दाखला लागतो. तपासणीत तिचं हिमोग्लोबिन निघालं साडेआठ. बाईमाणसाचं निदान बारा तरी हवं. डॉक्टरांनी दाखला दिला नाही. पोरगी रडली, आणि आई म्हणाली, "बरं झालं, आता स्थळं बघू."

डॉक्टरांनी आम्हाला समजेल असं सांगितलं. आपली कळसूबाई १,६४६ मीटर. एव्हरेस्टचा तळ ५,३६४ मीटरवर, आणि तिथं एका श्वासात इथल्यापेक्षा जवळपास निम्माच प्राणवायू मिळतो. तो अंगभर पोचवायचं काम रक्ताचं. रक्तच कमी असेल तर पाय कितीही दणकट असोत, दम पुरणार कसा?

मग आधी ताट बदललं. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. शाळेत दर आठवड्याला मिळणारी निळी गोळी ही पोरगी खिडकीतून फेकायची, हे तेव्हा कळलं! तुमच्या पोरींनाही विचारा एकदा. जंताची गोळी झाली. नागलीची भाकरी घरात होतीच. जोडीला मटकी, पालेभाजी, वर लिंबू पिळायचं. जेवणावर लगेच चहा बंद, कारण चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. चहावरून घरात भांडण झालं ते वेगळंच.

सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन बाराच्या वर गेलं, मग खरा सराव. पहिला महिना रिकाम्या हातानं चढ चढायचा, तोही इतक्या बेतानं की चढताना बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की चाल कमी करायची. मग पाठीवर पिशवी आणि तिच्यात पाण्याचे कॅन. मोळीचा भार मानेवर येतो. या पिशवीला कंबरेचा पट्टा असतो, भार कंबरेवर बसतो. पाच लिटरपासून सुरुवात, दर पंधरा दिवसांनी एक लिटर जास्त. वर पोचलं की पाणी झाडांना ओतायचं आणि हलकं होऊन उतरायचं, कारण गुडघे दुखतात ते उतरताना. आठवड्यात तीन दिवस चढ, रविवारी लांबची चाल, आणि एक दिवस पूर्ण विश्रांती.

सगळ्यात अवघड गेली ती विश्रांतीच. पोरगी बसलेली दिसली की आईला काम आठवायचं. शेवटी गटाच्या बैठकीत विषय काढला. आई म्हणाली, "आम्ही कधी बसलो?" खरंच होतं ते. सगळ्या गप्प झाल्या. मग एक म्हातारी म्हणाली, "म्हणून तर आपलं रक्त आठावर." त्या दिवसापासून गुरुवारचं पाणी भाऊ भरू लागला. कुरकुर करत, पण भरू लागला.

वयाचं म्हणाल तर जमशेदपूरच्या प्रेमलता अग्रवाल यांचं ऐका. दोन मुलींची आई, घर सांभाळणारी बाई. पस्तिशी उलटल्यावर डोंगराकडे वळल्या, बचेंद्री पाल यांच्याकडे शिकल्या आणि २० मे २०११ ला, अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, एव्हरेस्टवर पोचल्या. एका हंगामात होणारी ही गोष्ट नव्हे, मध्ये बरीच वर्षं गेली.

आणखी एक. सराव कितीही करा, उंचीचा आजार धट्ट्याकट्ट्या माणसालाही होतो. म्हणून तीन हजार मीटरच्या वर मुक्काम बेताबेतानं चढवतात, एका दिवसात पाचशे मीटरच्या आसपासच, आणि मध्ये थांबायचा दिवस ठेवतात. डोकं दुखलं, मळमळलं तर लगेच सांगायचं. वाढलं तर खाली उतरायचं. आपल्याला सवय लपवायची. ताप अंगावर काढायचा आणि रोपं लावायची. मी तिला जाताना एवढंच बजावलं होतं, लपवू नकोस.

तिथं एका रात्री तिचं डोकं ठणकलं. तिनं शिक्षकांना उठवून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिची तुकडी वर गेली आणि ती तळावर बसून राहिली. फार वाईट वाटलं, म्हणाली. तिसऱ्या दिवशी बरं वाटल्यावर चढली आणि अभ्यासक्रम पुरा करून आली.

आता ती रविवारी आमच्या गावातल्या सात मुलींना घेऊन चढते. त्यांत दोन सासुरवाशिणी आहेत. कुणाला यायचं असेल तर सकाळी सहाला कळसूबाईच्या वाटेवर या. पाण्याचा कॅन आणा, आणि रक्त तपासल्याचा कागद. कागद नसेल तर आधी आरोग्य उपकेंद्रात जाऊन या, मग पुढच्या रविवारी.