धामापूरच्या काठावर आपलं स्वागत

संमेलनाध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर आणि लांबून आलेल्या साहित्यरसिकांनो,

मालवण तालुक्यातल्या आमच्या धामापूर गावी आपणा सर्वांचं मनःपूर्वक स्वागत.

कोकणात पावसाला तोटा नाही. पण कातळावर पडलेलं पाणी व्हाळांतून बघता बघता समुद्राला मिळतं आणि वैशाखात विहिरींचा तळ दिसू लागतो. म्हणून आमच्या धामापूर तलावाचं मोल. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० साली, म्हणजे शिवजन्माच्या शंभर वर्षं आधी, गावकऱ्यांच्या मदतीनं दोन डोंगरांच्या मध्ये मातीचा बांध घालून तो उभा केला. त्याच पाण्यावर आमच्या पोफळी, माड आणि भातशेती जगते. मालवण शहरालाही इथूनच पाणी जातं. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगानं त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला, याचा आम्हाला अभिमान आहे.

काठावर भगवती देवीचं देऊळ आहे. तिची एक कथा इथल्या घराघरांत सांगतात. लग्नकार्याला दागिने नसले, की फुलांचे दागिने करायचे, परडीत घालून तलावात सोडायचे. थोड्या वेळानं परडी वर यायची, ती तशाच घडणीचे सोन्याचे दागिने घेऊन. कार्य उरकलं, की ते परत करायचे. एकानं ते ठेवून घेतले आणि देवीचं देणं थांबलं. मला ही कथा निव्वळ चमत्काराची वाटत नाही. तळ्याकडून काय, किती आणि कोणत्या बोलीवर घ्यायचं, याचा करारच आमच्या पूर्वजांनी तिच्यात घालून ठेवला आहे.

तो करार आज डोंगरांवर पाळायचा आहे. दोन्ही बाजूंची झाडी टिकली, तर पाणी मुरत मुरत तळ्यात येईल. ती तुटली, तर पहिल्याच पावसात माती येईल आणि गाळानं तळं उथळ होत जाईल. ग्रंथांवर प्रेम करणाऱ्या आपल्यासारख्या माणसांनी हे पाहावं आणि लिहावं, याच हट्टानं आम्ही हे संमेलन गावात मागून घेतलं.

उद्या सकाळी न्याहारीला उकड्या तांदळाची पेज आहे. त्याआधी आपण सारे बांधावरून चालत देवळापर्यंत जाऊ. वाटेत बागायतदार मंडळी भेटतील, त्यांना मोकळेपणानं विचारा. पाटाचं पाणी पाळीनं कसं फिरतं, ते त्यांच्याकडूनच ऐकायला हवं.

व्यवस्थेत काही उणं राहिलं, तर हक्कानं सांगा.