फौजेतली वर्षं आणि सरकारी पेन्शन



जुन्नर आणि आंबेगावातल्या माजी सैनिकांनो,
घरच्या मंडळींनाही जवळ बोलवा.

2022 पूर्वी भरती झालेला जवान साधारण 15 वर्षं फौजेत काढतो.
पेन्शन घेऊन गावी येतो.
वय असतं चाळिशीच्या आतबाहेर.
मग कुणी नारायणगावच्या पोस्टात लागतो,
कुणी घोडेगावच्या तहसील कचेरीत.

फौजेतली ती वर्षं
नव्या नोकरीच्या पेन्शनला धरतात का?

केंद्राच्या जुन्या पेन्शनमध्ये दोन वाटा आहेत.
फौजेची पेन्शन चालू ठेवा,
मग ती वर्षं पुन्हा मोजत नाहीत.
किंवा ती पेन्शन सोडा,
घेतलेले पैसे परत भरा,
आणि वर्षं जोडून घ्या.
मुदतीत लेखी विकल्प दिला नाही,
तर पहिलीच वाट धरली जाते.
खरं सांगायचं,
हातात आलेली पेन्शन परत करायला कोण धजावणार?

पुन्हा सांगतो.
त्याच वर्षांवर दोन पेन्शन नाहीत.

केंद्रात 2004 पासून राष्ट्रीय पेन्शन योजना आली.
राज्यात ती नोव्हेंबर 2005 पासून.
तिथं हिशेब जमा रकमेचा असतो, नोकरीच्या वर्षांचा नाही.
फौजेची पेन्शन मात्र सुरूच राहते.

आता घरच्यांसाठी.
पूर्वी फौजेची आणि नोकरीची मिळून
एकच कुटुंब पेन्शन मिळायची.
केंद्रानं सप्टेंबर 2012 पासून
दोन्हींची मुभा दिली.
बऱ्याच घरी हे ठाऊकच नसतं.

शंका असेल,
तर पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा.
डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डर,
आणि नव्या नेमणुकीचा आदेश
सोबत ठेवा.