मुलांच्या ताटाची बेगमी



दूध, भाजी, धान्य पिकविणाऱ्या घरातच मुलाच्या हाती बिस्किटाचा पुडा दिसतो. चांगला माल बाजारात जातो आणि मूल भात-आमटीवर राहते. याबाबत मुंबईच्या वरळी कोळीवाड्यासारख्या वस्त्यांकडून शिकण्याजोगे आहे.

राज्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. म्हणून कोळी कुटुंबे उन्हाळ्यातच सुका जवळा, सुके बोंबील यांची बेगमी करतात. जवळा सालासकट खाल्ला जात असल्याने प्रथिनांबरोबर कॅल्शियमही मिळते.

आपणही अशीच बेगमी करावी. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात ते फारच थोडे असते. मुलाला नाचणीची भाकरी, सोबत जवळा किंवा अंडे, शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि लिंबाची फोड द्यावी. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे भाजीतील लोह अंगी लागते. शाकाहारी घरांत मोड आलेल्या मटकीची उसळ व दूध द्यावे.

जवळा निवडून दोन-तीन पाण्यांत धुवावा. वाळू निघते, खारटपणा कमी होतो. पहिल्या वेळी थोडाच द्यावा. अंगावर गांधी उठल्यास पुन्हा देऊ नये व डॉक्टरांना दाखवावे. श्वास लागल्यास ताबडतोब दवाखाना गाठावा.

बांधावर एक शेवगा, परसात एक लिंबू लावा. सुगीनंतर माल बाजारात नेण्यापूर्वी मुलांच्या वाट्याची नाचणी व मटकी कणगीत आधी भरा. उरलेला माल तो विक्रीचा, हा हिशेब घरात पक्का करा.