प्रगतिपत्रक आणि झावळीचा क्रूस

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षाच्या सांगता समारंभात एका निवृत्त शिक्षिकेने केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून साठ वर्षांचा आढावा घ्यावा, असा रिवाज आहे. तो आढावा मुख्याध्यापिका बाईंच्या अहवालात उत्तम रीतीने आला आहे. मी फक्त दहा आठवड्यांविषयी बोलणार आहे. फेब्रुवारीच्या मध्यापासून 1 मे पर्यंतचे, शालेय वर्षाच्या अखेरीचे हे दहा आठवडे. शाळेची श्रद्धा नाताळच्या गोठ्यात आणि स्नेहसंमेलनातही दिसते. परंतु ती कसाला लागते ती या आठवड्यांत, असे माझ्या अध्यापनाच्या वर्षांनी मला शिकवले.

पाश्चात्त्य देशांतील कॅथलिक शाळांचे वर्ष सप्टेंबरच्या सुमारास सुरू होते आणि मे-जूनमध्ये संपते. तेथे ईस्टर येऊन गेल्यावरही शाळा पुष्कळ दिवस चालू असते. आपले तसे नाही. ईस्टरचा रविवार 22 मार्चच्या आधी येत नाही आणि 25 एप्रिलच्या पलीकडे जात नाही. म्हणजे महाराष्ट्रातील शाळेच्या बाबतीत तो दरवर्षी न चुकता वर्षाच्या अखेरीसच येतो. यंदा 18 फेब्रुवारीला राखेचा बुधवार झाला आणि 5 एप्रिलला ईस्टर. मागच्या वर्षी ईस्टर 20 एप्रिलला होता, तेव्हा वार्षिक परीक्षा चालूच होत्या. उजळणी आणि प्रायश्चित्तकाळ, प्रश्नपत्रिका आणि पवित्र आठवडा, निकाल आणि पुनरुत्थान हे सारे आपल्याकडे एकमेकांत मिसळून येते. कोणी योजून केलेली ही गोष्ट नाही. पावसाळ्याने आपले जूनचे वर्ष ठरवले आणि चंद्राच्या गतीने ईस्टर ठरवला. पण या योगायोगाने वसईच्या शाळांना एक मोठा धडा आयताच दिला आहे.

राखेच्या बुधवारी मुलांच्या कपाळावर जी राख लागते, ती कोठून येते? मागील वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या घरोघरी, बहुधा देवघरातल्या तसबिरीमागे, खोचून ठेवलेल्या असतात. मुलांनी विणलेले झावळीचे छोटे क्रूसही त्यांतच असतात. वर्षभरात ते वाळून पिवळे पडतात. प्रायश्चित्तकाळ जवळ आला की ते चर्चमध्ये आणायचे, जाळायचे आणि त्यांची राख करायची. गेल्या वर्षीचा जयजयकार यंदाच्या पश्चात्तापाची सामग्री होतो. पहिली-दुसरीच्या मुलांना धर्मशिक्षणाच्या तासाला हे सांगितले की त्यांना फार वेळ समजवावे लागत नाही. वर्ष सरले म्हणजे ते टाकून द्यायचे नसते, त्यातूनच पुढच्या वर्षाची सुरुवात करायची असते, हे त्यांना हाताने कळलेले असते.

आता त्या दिवसांतील शाळा आठवून पाहा. भिंतींवरचे तक्ते उतरवले जातात. बाकांवर कंपासने कोरलेली नावे घासली जातात. शुक्रवारी मधल्या सुट्टीनंतर क्रूसाची वाट होते आणि चौदा स्थाने पूर्ण होईपर्यंत धाकट्यांचे गुडघे दुखतात. खाऊच्या पैशांतले काही नाणे वर्गाच्या डब्यात पडते, कारण या काळात आपण सोडलेले गरजूच्या ताटात पोहोचले पाहिजे. प्रायश्चित्तकाळात लग्ने लागत नाहीत. त्यामुळे ईस्टर होताच गावात लग्नसराई उसळते आणि नेमक्या तोंडी परीक्षेच्या दिवशी हजेरीपटावर गैरहजेरी वाढते. हे सर्व सांभाळत शिक्षिका प्रगतिपत्रके लिहायला बसते.

या प्रगतिपत्रकापाशी मला क्षणभर थांबायचे आहे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आल्यापासून आपण गुणांबरोबर वर्णनात्मक नोंदीही लिहितो. त्या सवयीने लिहिता येतात. पन्नास मुलांसाठी एकच वाक्य पन्नास वेळा उतरवता येते. 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली आणि अनुत्तीर्ण होण्याची शक्यताही परत आली. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला ‘तुला जमले नाही’ असे सांगण्याची वेळ शिक्षकावर येते. ते सांगायचे कसे?

ईस्टरनंतरच्या दिवसांत योहानाच्या शुभवर्तमानातील जो प्रसंग चर्चमध्ये वाचला जातो, तो मला याबाबतीत सर्व प्रशिक्षण पुस्तिकांहून अधिक उपयोगी पडला. पेत्राने कोंबडा आरवण्यापूर्वी आपल्या गुरूला तीनदा नाकारले होते. पुनरुत्थित प्रभू सरोवराकाठी त्याला भेटतो, तेव्हा त्या रात्रीचा उल्लेखही करीत नाही. आधी निखाऱ्यांवर मासे भाजून शिष्यांना न्याहारी देतो. मग एकच प्रश्न तीनदा विचारतो: माझ्यावर प्रीती करतोस का? जितक्या वेळा पेत्र चुकला, तितक्या वेळा त्याला उत्तर देण्याची संधी मिळते आणि प्रत्येक उत्तरानंतर काम सोपवले जाते, मेंढरे राखण्याचे. नियमांच्या भाषेत ही पुनर्परीक्षा आहे. मात्र परीक्षा घेणाऱ्याने आधी भुकेल्याला जेवू घातले आणि उत्तीर्ण झालेल्यावर जबाबदारी टाकली. कोळीवाड्यातून आलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना ती भाजलेल्या मासळीची न्याहारी वेगळी समजावून सांगावी लागत नसे! कॅथलिक प्राथमिक शाळेला आपली श्रद्धा दाखवायची असेल, तर प्रगतिपत्रकातील त्या दोन ओळींत ती दिसावी. मुलाची उणीव खरी लिहावी आणि तिच्याखाली त्याच्यावर सोपवण्याजोगे एखादे कामही लिहावे.

आपल्या वर्गांत सर्वच मुले ख्रिस्ती नाहीत, पूर्वीही नव्हती. वारली पाड्यांवरून येणारी मुले आहेत, हिंदू आणि मुस्लिम कुटुंबांतील आहेत. यंदा राखेचा बुधवार आणि रमजानचा आरंभ एकाच आठवड्यात आला. एकाच बाकावर दोन तऱ्हांचे उपवास बसले होते. पाठोपाठ गुढीपाडवा, रामनवमी, महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जयंत्या. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 30 ने अल्पसंख्याकांना शाळा चालवण्याचा हक्क दिला आहे. त्याच संविधानाच्या अनुच्छेद 28 ने असेही सांगितले आहे, की शासनमान्य वा अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीवाचून कोणत्याही बालकाला धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावता येणार नाही. काहींना यात अडचण वाटते. मला यात आपल्या श्रद्धेचा सन्मान वाटतो. प्रीती सक्तीने घेता येत नाही, हे सरोवराकाठच्या त्या प्रश्नातच आले आहे. धर्मशिक्षण ख्रिस्ती मुलांना आणि मूल्यशिक्षण इतरांना, ही आपली वाटणी योग्यच आहे. पण मुलाला वर्षाच्या शेवटी नावाने हाक मारून निरोप देणे, त्याच्यासाठी मनोमन प्रार्थना करणे, याची वाटणी होत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः येथे उभी आहे, तिच्याकडे वळते.

निवृत्तीनंतर मी मुलाकडे बेंगळुरूला, महादेवपुरा येथे राहते. भोवती कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी आणि कचेऱ्यांतली इंग्रजी. तेथील चर्चमध्ये कन्नड मिस्सा असते, तमिळ असते, इंग्रजी असते. नात इंग्रजी माध्यमात शिकते आणि इंग्रजीत प्रार्थना करते. संध्याकाळी आम्ही वसईच्या घराशी फोन जोडून एकत्र जपमाळ म्हणतो. तिकडून माझ्या थोरल्या जाऊबाई मराठीत आरंभ करतात, इकडून नात इंग्रजीत उत्तर देते. देवाला दोन्ही भाषा समजतात, त्याविषयी मला शंका नाही. पण मागच्या वर्षी जाऊबाई आजारी पडल्या आणि त्यांनी नातीला आवडते स्तोत्र वाचून दाखवायला सांगितले, तेव्हा पोरीला ती अक्षरे लावता येईनात. दोघीही फोनच्या दोन टोकांना गप्प राहिल्या.

परमुलखात गेलेल्या कुटुंबाचे हे असे होणारच, असे म्हणून सोडून देता आले असते. परंतु सुट्टीत वसईला आले की हेच मला चर्चच्या सावलीत, आपल्या स्वतःच्या गावात दिसते. वेदी मराठी आहे आणि तिच्यासमोरची मुले मराठी वाचायला अडखळतात.

मित्रहो, या भागातील मूल शाळेत येते ते घरची कादोडी वा वाडवळी बोली घेऊन. प्रमाण मराठी त्याला दोनच ठिकाणी भेटते, शाळेत आणि चर्चमध्ये. ही दोन घरे एकमेकांच्या आधाराने उभी आहेत. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमध्ये जन्मलेला येशूसंघीय धर्मगुरू 1579 साली गोव्यात आला, मराठी शिकला आणि 1616 साली त्याचे सुमारे 11 हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. नव्या ख्रिस्ती लोकांना आपल्या भाषेत वाचावयास काही हवे होते, म्हणून ते लिहिले गेले. फ्रान्समध्ये संत जॉन बॅप्टिस्ट दी ला साल यांनी गरिबांच्या मुलांना वाचन शिकवताना लॅटिनऐवजी मातृभाषा पुढे आणली. 7 एप्रिल 1719 रोजी, उत्तम शुक्रवारी, त्यांचे निधन झाले. शिक्षकांच्या या आश्रयदात्या संताचा स्मृतिदिनही आपल्या परीक्षांच्या दिवसांतच येतो. आणि 4 डिसेंबर 1963 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने उपासनेत लोकभाषेला दार उघडले. महासभा 1965 च्या डिसेंबरात संपली आणि पुढच्या जूनमध्ये आपल्या पहिलीच्या वर्गाची घंटा वाजली. आपली शाळा आणि आपली मराठी मिस्सा ही जवळजवळ एकाच वयाची भावंडे आहेत. यांतील एक दुबळे झाले, तर दुसरे धडधाकट राहील अशी आशा आपण कशाच्या बळावर धरायची?

वर्षअखेरीचा शेवटचा अध्याय ठाऊक असतो फक्त शिक्षकांना. निकाल तयार झाले की त्या उन्हातून दारोदार हिंडतात, पुढच्या वर्षी पहिलीत येण्याजोगे मूल कोणत्या घरी आहे ते शोधत. पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतो, तुकडी बंद होते. ज्या घरात या शिक्षिकेला पाणी दिले जाते, तेथेच पुष्कळदा सांगितले जाते: ‘बाई, तुमची शाळा चांगलीच आहे, आम्हीही तिथेच शिकलो, पण मुलांचे पुढे कसे होणार?’ हा प्रश्न खोटा नाही. आईबापांची काळजी खरी आहे आणि तिला भाषाप्रेमाची घोषणा हे उत्तर नाही. उत्तर आपण कामाने द्यायला हवे. पहिलीपासून इंग्रजी विषय इतका चांगला शिकवला पाहिजे, की माध्यम मराठी ठेवल्याने मूल मागे पडेल ही भीतीच उरू नये. त्यासाठी माजी विद्यार्थ्यांनी फळकावर नाव कोरण्याऐवजी आठवड्याचे दोन तास द्यावेत. तुमच्यापैकी कितीतरी जण इंग्रजीत कचेऱ्या चालवतात आणि पहिलीचा पहिला धडा याच भिंतीआड मराठीत शिकले आहेत. पालकांना हे तुमच्या तोंडून ऐकू द्या.

येत्या 1 मे रोजी निकाल लागेल. तो महाराष्ट्र दिन आहे, कामगार दिन आहे आणि 1955 पासून ख्रिस्तसभा तो कष्टकरी संत योसेफाचा सण म्हणूनही पाळते. नाझरेथच्या त्या सुताराचे एकही वाक्य शुभवर्तमानात नोंदलेले नाही. त्याने एक मूल सांभाळले, त्याला आपले काम शिकवले आणि त्या घरची बोली, त्या घरच्या प्रार्थना त्याच्या तोंडी बसवल्या. प्राथमिक शिक्षकाचे काम याहून निराळे नाही. तेव्हा त्या दिवशी प्रगतिपत्रक घ्यायला याल, तेव्हा केवळ श्रेणी पाहून परत फिरू नका. बाईंनी लिहिलेल्या दोन ओळी मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. आणि घरी, शेजारी, नात्यात सहा वर्षांचे मूल असेल, तर त्याचे नाव त्याच दिवशी शाळेत सांगून जा. 15 जूनला पहिलीचा वर्ग उघडेल, त्याची तयारी तेवढ्याने सुरू होईल.

या शाळेच्या सर्व दिवंगत शिक्षकांचे, धर्मभगिनींचे आणि सेवकांचे कृतज्ञ स्मरण करून मी आपली रजा घेते. सर्वांना पुनरुत्थानकाळाच्या शुभेच्छा.