पडद्यावरची अदब

संगणक आणि कविता यांचा काय संबंध, असं कुणी विचारलं की मी सुझन केअर या बाईंचं नाव घेतो. अ‍ॅपल कंपनीचा मॅकिंटॉश हा संगणक जानेवारी १९८४ मध्ये आला. त्याच्या पडद्यावर कचऱ्याची टोपली होती, हसरा संगणक होता, रंग ओतणारी कलती बादली होती. ही चित्रं केअरबाईंची. शिक्षण कलेचं, संगणकाचं नव्हे. एका चित्राला जागा किती? आडवी बत्तीस घरं, उभी बत्तीस घरं. म्हणजे १०२४ ठिपके, आणि प्रत्येक ठिपका एक तर काळा, नाही तर पांढरा. त्यांनी आलेखाच्या कागदाची वही आणली आणि एकेक चौकोन भरायला सुरुवात केली. टाके मोजून केलेलं भरतकाम त्यांना ठाऊक होतं, ते इथं कामी आलं.

आमच्या खाला मॅटीच्या कापडावर अशीच घरं मोजून मोर काढायच्या. मानेला एक टाका जास्त पडला की मोराचं बदक व्हायचं. गझलेच्या दोन ओळींतही हेच होतं. जागा कमी असली की प्रत्येक ठिपक्याला जाब द्यावा लागतो.

मात्र चित्र सुंदर असणं पुरेसं नाही. संगणक बंद पडला की दिसावा म्हणून केअरबाईंनी एक बॉम्ब काढला, वात पेटलेला. हे चित्र कुणाला फारसं दिसणारच नाही, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. ते लोकांना दिसलं, आणि आता यंत्राचा स्फोट होतो की काय, अशी धास्तीही काहींनी घेतली. करणाऱ्याला जी गंमत वाटते, ती अडलेल्या माणसाला गंमत वाटत नाही.

शब्दांचंही तसंच. मॅकिंटॉशच्या आधी अ‍ॅपलचाच लिसा नावाचा संगणक तयार होत होता. त्यावर एका बटणावर इंग्रजीत ‘डू इट’, म्हणजे ‘करा’, असं लिहिलेलं होतं. सामान्य माणसांना समोर बसवून चाचणी घेतली, तर ते त्या बटणापाशी अडखळू लागले. दोन शब्दांतलं अंतर इतकं थोडं की ते ‘डोल्ट’ असं वाचलं जाई. डोल्ट म्हणजे मठ्ठ! हे यंत्र मला मठ्ठ का म्हणतंय, असं एकजण चिडून म्हणाला. मग तिथं ‘ओके’ आलं. एक माणूस रागावला म्हणून जगभरच्या पडद्यांवरचा शब्द ठरला, ही मला मोठी गोष्ट वाटते.

त्या ‘ओके’चं आपण मराठीत ‘ठीक आहे’ केलं. वर लिहिलेलं असतं, ‘आपला व्यवहार अयशस्वी झाला’ आणि खाली बटण, ‘ठीक आहे’. अहो, काय ठीक आहे? आकडा चुकला की ‘अवैध नोंद’. अवैध म्हटल्यावर आपल्या माणसाला दारू आठवते, वाळू आठवते. तो घाबरून हात मागे घेतो. शिवाय इंग्रजी अक्षरांच्या मापाने कापलेल्या बटणात आपल्या वेलांट्या आणि उकार मावत नाहीत, त्यांची डोकी नि पाय उडतात. उर्दूसाठी तर सगळा पडदाच आरशासारखा फिरवावा लागतो, मागे जाण्याचा बाण उजवीकडे तोंड करतो. जिथं नुसते शब्द बदलून बाण तसाच ठेवतात, तिथं वाचणारा उलट्या दिशेला जातो.

याची किंमत पैशांत मोजावी लागते. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं. त्यात पैसे पाठवण्याप्रमाणे दुसऱ्याकडून मागण्याचीही सोय होती. ठग फोन करून सांगायचे, ‘तुमचे पैसे आलेत, पिन टाका म्हणजे जमा होतील.’ माणूस पिन टाकायचा आणि पैसे खात्यातून जायचे. घ्यायला पिन लागतच नाही, तो फक्त द्यायला लागतो. ही एवढी गोष्ट पडद्याने ठसठशीतपणे सांगितली नाही. शेवटी १ ऑक्टोबर २०२५ पासून, एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे अशी मागणी पाठवण्याची सोयच बंद झाली. आणि पडद्याचा धसका घेतलेली, चांगली लिहिती-वाचती माणसं आजही भाच्याच्या हाती फोन देतात, पिनसकट. आपला गुप्त आकडा घरभर ठाऊक असणं म्हणजे आपल्या पैशांवरचा आपला हात सुटणं. बायकांच्या बाबतीत तर हे फार घडतं.

मला कुणी हे काम दिलं तर मी एवढंच लिहीन: ‘तुमच्या खात्यातून ५०० रुपये जाणार आहेत. पाठवायचे?’ खाली दोन बटणं, ‘पाठवा’ आणि ‘नको’. ‘रद्द करा’ नव्हे. ‘नको’ हा आपला रोजचा, दोन अक्षरांचा शब्द, कितीही लहान बटणात मावणारा, पण एकाही यंत्रावर तो मला अजून दिसलेला नाही.