वळविलेले फोल्डर आणि हरवलेले वाटणारे दप्तर



कार्यालयातील संगणक सुरू करावा, 'डॉक्युमेंट्स' उघडावे आणि आत काहीच नसावे, असा प्रसंग आपणांपैकी कित्येकांवर आला असेल. पटाचे तक्ते, पोषण आहाराचे हिशेब, सारेच दिसेनासे होते. अशा वेळी घाबरलेला मनुष्य संगणक 'साफ' करून देण्यास कोणास तरी सांगतो, आणि खरी हानी तेथूनच सुरू होते.

जेथे पुष्कळ संगणक एका जाळ्यात जोडलेले असतात, तेथे कर्मचाऱ्याचे कागद मेजावरील यंत्रात न ठेवता मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवण्याची सोय विंडोज २००० पासून आहे. यास फोल्डर वळविणे म्हणतात. पडद्यावर नाव 'डॉक्युमेंट्स' हेच राहते. वस्ती मात्र दुसऱ्या घरी असते.

यास्तव फोल्डर आज कोठे राहते, हे प्रथम पाहावे. त्यावर माऊसची उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज'मधील 'लोकेशन' वाचावे. पत्ता दोन उलट्या तिरप्या रेघांनी सुरू होत असेल, तर कागद सर्व्हरवर आहेत. तो 'सी' या अक्षराने सुरू होत असेल, तर वळविण्याची आज्ञा या खेपेस लागू झालेली नाही. ही आज्ञा प्रवेश करतानाच अंमलात येते; म्हणून तार नीट बसवून, पूर्ण बाहेर पडून, पुन्हा प्रवेश करावा. कधीकधी दोनदा करावा लागतो.

पत्ता बरोबर असूनही फोल्डर उघडत नसेल, तर शेजारच्या संगणकावर आपल्याच नावाने प्रवेश करावा. तेथे कागद दिसले तर दोष पहिल्या यंत्रात आहे. न दिसले तर सर्व्हरमध्ये, जाळ्यात किंवा अधिकारात.

अधिकाराचा घोटाळा विशेषेकरून बदलीनंतर होतो. नेहमीच्या मांडणीत अशा फोल्डरवर त्या एकट्या कर्मचाऱ्याचा हक्क असतो. व्यवस्थापकासही ते सरळ उघडता येत नाही. नवा लिपिक आपल्या नावाने प्रवेश करतो, त्यास रिकामे फोल्डर मिळते, आणि बोल जाणाऱ्यास लागतो! वस्तुतः कागद जुन्या नावाखाली सुखरूप असतात. कार्यभार देतानाच ते समाईक फोल्डरात उतरवून घ्यावेत. कपाटाच्या किल्ल्या आपण मोजून घेतो, तशीच ही गोष्ट आहे.

आता सर्वांत नाजूक भाग. सर्व्हर बंद असतानाही काम चालावे म्हणून विंडोज या कागदांची एक प्रत मेजावरील यंत्रातच राखते. तिला 'ऑफलाइन फाइल्स' म्हणतात. जाळे तुटलेले असता दिवसभर केलेले काम त्या प्रतीतच साठते आणि संबंध जुळल्यावर सर्व्हरवर जाते. तत्पूर्वी यंत्र पुसले, तर ते काम कायमचे गेले. म्हणून 'सिंक सेंटर' पाहिल्यावाचून कोणासही यंत्र पुसू देऊ नये. एकाच कागदात दोन ठिकाणी बदल झाले असतील, तर तेथे तसा विरोध नोंदलेला असतो. अशा वेळी दोन्ही प्रती ठेवण्याचा पर्याय निवडावा आणि नंतर सवडीने ताडून पाहाव्यात.

दुरुस्तीस कळविताना 'संगणक बिघडला' एवढेच लिहू नये. कोणत्या नावाने प्रवेश केला, 'लोकेशन'मध्ये कोणता पत्ता दिसला, शेजारच्या यंत्रावर काय आढळले आणि कागद शेवटचे केव्हा दिसले होते, हे चिठ्ठीत लिहावे. तंत्रज्ञ आल्यावर 'इव्हेंट व्ह्यूअर'मधील फोल्डर वळविण्याविषयीची नोंद त्यास आपल्यासमक्ष उघडावयास सांगावी. आज्ञा का फसली, याचे कारण बहुधा तेथेच लिहिलेले असते.